मुलांचा स्पॅनिश क्लास काढताय? आधी कान तयार करा

घरच्या घरी लहान मुलांचा स्पॅनिश क्लास काढायचा विचार आहे? मग माझं स्पष्ट मत ऐका: पहिल्याच दिवशी स्पेलिंग फळ्यावर लिहू नका. ‘जे’ दिसला की इंग्रजी माध्यमातलं मूल ‘जिराफा’ म्हणणारच. खरा उच्चार ‘हिराफा’च्या जवळचा. आधी कान, मग अक्षर.

आपल्या मुलांकडे भांडवल आहेच. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. तो लांब ‘र्र’ मुलं खेळातली गाडी ‘घुर्रर्र’ पळवताना काढतातच, तिथूनच सुरुवात करा. वटवाघळाचा ‘मुर्सिएलागो’ शेवटून जोडा: गो, लागो, सिएलागो, मुर्सिएलागो.

‘र्र’ जमला नाही तर रागावू नका, स्पेनमधल्या मुलांनाही तो उशिराच जमतो. म्हणूनच ‘महिन्याभरात फाडफाड स्पॅनिश’ अशी जाहिरात नको. दहा शब्द स्वच्छ बोलतील, एवढंच पालकांना सांगा आणि ते करून दाखवा. फी विश्वासावर मिळते. ओरडा खाऊन एक पोर गप्प बसलं, तर पुढची बॅच गेलीच समजा.