जोएलचे सुतक

२०२० साली आमच्या भाच्याने चार दिवस जोएलचे सुतक पाळले. जोएल आमच्या नात्यातला नव्हे. ‘द लास्ट ऑफ अस’ या अमेरिकन व्हिडिओ गेमचा तो नायक. त्या जूनमध्ये गेमचा दुसरा भाग निघाला आणि सुरुवातीलाच ॲबी नावाच्या मुलीने जोएलला गोल्फच्या काठीने मारून टाकले.

“मामा, ही काय गोष्ट झाली?”

झाली की! २०१३ च्या पहिल्या भागात जोएलने इस्पितळात घुसून एका डॉक्टरला मारले होते. ॲबी त्याचीच लेक. आणि तेव्हा जोएलच्या वतीने बटण कोण दाबत होते? तूच ना? त्या डॉक्टरचे सुतक काही कुणी धरले नाही.

दुसरी तक्रार ॲबीच्या दंडांची. बाईचे दंड असे असतात होय, म्हणून कोण गदारोळ! डोक्यातून अळंबी उगवलेली माणसे अंगावर धावून येतात, ते या मंडळींना पटते. व्यायाम केलेली बाई तेवढी पटत नाही.

इथवर हसण्यावारी नेले असते. पण ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या नटीला लोकांनी चक्क जिवे मारण्याच्या धमक्या धाडल्या. अरे, आवडता माणूस मेला तर रडा. त्यासाठीच पैसे मोजलेत. सुडाने कुणाचेच भले होत नाही, हे सांगणारी गोष्ट, आणि तिच्यावरच सूड?

परवा भाचा पहिला भाग पुन्हा खेळत होता. डॉक्टर समोर आला तसा थबकला. मग हळूच म्हणाला,

“मामा, इथे दुसरे बटणच नाही हो!”