श्रद्धेची कसोटी

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या मार्गावर, सह्याद्रीच्या कुशीत मलकापूर हे गाव वसलेले आहे. या परिसरातील शेतकरी आज पेरणीपूर्वी भ्रमणध्वनीवर हवामानाचा अंदाज पाहतो आणि शेताच्या बांधावर नारळही फोडतो. विज्ञानाच्या युगात या नारळाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पाऊस काही नारळावर अवलंबून नसतो. हा प्रश्न रास्त आहे; मात्र त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

विज्ञान आणि श्रद्धा यांची क्षेत्रे भिन्न आहेत. ढग कसे बनतात, रोग कशाने होतो, हे विज्ञान सांगते. त्या क्षेत्रात श्रद्धेने ढवळाढवळ केली, की तिची अंधश्रद्धा होते. ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात नेण्याऐवजी मांत्रिकाकडे नेणे ही भक्ती नव्हे, ते अज्ञान होय. अशा अज्ञानावर जगणाऱ्या अघोरी प्रथांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा केला. परंतु पीक बुडाल्यावर पुन्हा नांगर हाती धरण्याचे बळ आणि ताटातल्या अन्नाविषयीची कृतज्ञता कोणत्याही यंत्रातून निघत नाही. हे धन अनेकांना श्रद्धेपासून लाभते.

मग खरी श्रद्धा ओळखावी कशी? सोन्याची पारख जशी कसोटीच्या दगडावर होते, तशी श्रद्धेची पारख कृतीवर होते. गाडगे महाराज गावात शिरताच हाती खराटा घेत, दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. नवसाच्या नावाखाली मुक्या प्राण्यांचा बळी देऊ नका, असे ते कळवळून सांगत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या; स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही.

खरी श्रद्धा अन्यायापुढे मान तुकवीत नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी त्यांच्या उपोषणाला यश आले. ज्या अंतःकरणात विठ्ठलाविषयी प्रेम होते, त्याच अंतःकरणातून रूढीविरुद्धचा हा आवाज उठला, हे विसरून चालणार नाही.

ही उदाहरणे केवळ भूतकाळातली नाहीत. २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरली, तेव्हा कोल्हापूरजवळच्या जोतिबा डोंगरावरील चैत्र यात्रा भरली नाही. सासनकाठी नाचविण्यासाठी वर्षभर वाट पाहणाऱ्या भक्तांनी घरातूनच हात जोडले. आपल्या यात्रेपेक्षा दुसऱ्याचा प्राण मोलाचा, हे त्यांनी जाणले. त्याच वर्षी, याच जिल्ह्यातील इचलकरंजीच्या मुस्लिम बांधवांनी रमजानच्या महिन्यात दानधर्मासाठी काढलेले ३६ लाख रुपये रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभारण्यासाठी दिले. त्या खाटेवर कोणत्या धर्माचा रुग्ण झोपेल, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

देव न मानणारी माणसेही सचोटीने वागतात आणि परोपकार करतात, असे काहीजण म्हणतात. ते अगदी खरे आहे. सद्गुण ही कोणा एकाची मिरासदारी नव्हे. म्हणूनच आपल्या संविधानाने प्रत्येकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य दिले आणि दुसऱ्याच्या त्याच स्वातंत्र्याचा मान राखण्याचे उत्तरदायित्वही आपल्यावर सोपविले. धर्माच्या नावाने शेजाऱ्याशी भांडणारा मनुष्य धर्म वाढवीत नाही. तो केवळ आपला अहंकार वाढवितो.

आधुनिक समाजाला प्रयोगशाळा हव्यात, रुग्णालये हवीत, रस्ते हवेत. परंतु ती उभारणाऱ्या आणि चालविणाऱ्या हातांत दया नसेल, तर सारे वैभव कोरडेच राहील. ज्या श्रद्धेमुळे ही दया जागी होते, ती समाजाला उपकारक. ज्या श्रद्धेमुळे ती आटते, तिचे नाव कितीही पवित्र असो, ती त्याज्यच होय.