मोडीत निघालेली मालकी

बलुचिस्तान म्हटले की आपल्याला आठवतात ते बॉम्बस्फोट, सुई गावचा नैसर्गिक वायू आणि ग्वादरचे बंदर. पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान अशा तीन देशांत विभागल्या गेलेल्या या समाजाच्या राजकारणावर आपण हिरिरीने बोलतो. तिथली बाई मात्र त्या चर्चेत क्वचितच येते. आली तरी तिच्या झग्यावरचे भरतकाम आणि अंगावरची चांदी यांचे कौतुक करून विषय संपतो. या चांदीकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहिले की तिच्यातली मुख्य गोष्टच नजरेतून सुटते. ती गोष्ट म्हणजे मालकी.

घडण कौतुकाची आहे, यात शंका नाही. कानातले ‘दुर्र’ इतके वजनदार असतात की ते साखळीने डोक्यावर अडकवावे लागतात. भार पाळीवर न पडता डोक्यावर पडतो. आपल्याकडच्या वेलांची युक्ती हीच. झग्याची दोन टोके छातीवर जुळवून ठेवणारी ‘तस्नी’ दागिनाही असते आणि पिनेचे कामही करते. गळ्यात ताइतांच्या त्रिकोणी किंवा नळीसारख्या डब्या, त्यांना लोंबणाऱ्या साखळ्या आणि घुंगरू, मध्ये रंगीत काच, अकीक नाहीतर पिरोजा. हे घडवणारे हात अनेकदा लोरी कारागिरांचे. सोनारकाम, लोहारकाम आणि गाणे-बजावणे अशी सगळी कामे करणाऱ्या या जमातीला टोळीच्या उतरंडीत मान मात्र बेताचाच होता.

हा सारा पसारा अंगावर का बाळगायचा? उत्तर त्या मुलखातच आहे. पाऊस तुटपुंजा, शेती जेमतेम, कळप हाकत चाऱ्यामागे फिरणारी माणसे. तिथे ना पेढी, ना तिजोरी. संपत्ती दोनच प्रकारची: चार पायांवर चालणारी आणि अंगावर घालून नेता येणारी. चार पायांची संपत्ती दुष्काळात मरते. १९९८ ते २००२ या काळातल्या दीर्घ अवर्षणात बलुचिस्तानातल्या शेळ्यामेंढ्यांचे कळपच्या कळप संपले. चांदीला चारा लागत नाही. अडचणीच्या वेळी एक साखळी सोडवून विकावी, बरे दिवस आले की पुन्हा घडवून घ्यावी, असा हा व्यवहार. आपल्या आज्या पुतळ्यांच्या माळेतली एकेक पुतळी काढून घर सावरत, तसाच.

ही चांदी बऱ्याच अंशी नाण्यांतून आली. ब्रिटिश अमदानीतला रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा हिस्से शुद्ध चांदी. १९४० साली सरकारने हे प्रमाण निम्म्यावर आणले, तेव्हा जुन्या रुपयाची किंमत ज्यांना नेमकी कळली त्यांत सोनार आणि बायका पुढे असणार. पलीकडे ओमानात मारिया थेरेसा या ऑस्ट्रियाच्या राणीचा मुखवटा असलेला थेलर चाले. नाणे कधीही पाडलेले असो, त्यावर वर्ष १७८०च. अरबी सोनारांचा हा आवडता कच्चा माल. ग्वादर १९५८ पर्यंत ओमानकडेच होते, त्यामुळे मकरान किनाऱ्याचा मस्कतशी व्यवहार जुना. गंमत म्हणजे १९४०-४१ मध्ये हा थेलर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. नाणे राजाचे असो की राणीचे, मुशीतून निघून बाईच्या गळ्यात गेले की ते तिचे होई.

‘तिचे’ हा शब्द मी भावनेच्या भरात वापरत नाही. बहुसंख्य बलोच सुन्नी हनफी पंथाचे आहेत. हनफी धर्मशास्त्रानुसार अंगावर वापरात असलेल्या सोन्याचांदीच्या दागिन्यांवरही जकात द्यावी लागते. चांदीची मर्यादा साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. दर चाळिसावा हिस्सा. आणि ही जकात ज्या बाईचा दागिना तिच्यावर असते, तिच्या नवऱ्यावर नाही. जिच्याकडून धर्म हिशेब मागतो, ती मालक असलीच पाहिजे. आपल्याकडच्या स्त्रीधनाच्या कल्पनेशी याचे नाते सहज जुळते. बलोचांच्या लोककथेतली गोहरही अशीच स्वतःच्या उंटांच्या कळपाची धनीण. तिने मीर चाकरकडे आश्रय घेतला, तिच्या उंटांची पिले मारली गेली आणि त्यातून रिंद आणि लाशारी टोळ्यांत तीस वर्षे युद्ध पेटले, असे कथा सांगते.

अर्थात या चित्रावर सोनेरी मुलामा चढवण्याचे कारण नाही. धर्माने मुलीला जमिनीत वाटा दिला, तरी टोळीचा रिवाज तो हाती पडू देत नसे. अंगावरची चांदी हे काही अंशी त्या हिरावलेल्या वाट्याचे सांत्वन होते. शिवाय वधूसाठी मोजलेल्या धनातले किती तिच्या हाती आणि किती तिच्या बापाच्या, हा प्रश्न घरोघरी वेगळा सुटे. पण थोडे का होईना, ते तिचे होते आणि चारचौघांना ते दिसत होते. किंबहुना दिसणे हाच त्याचा पुरावा होता. अंगावरचा दागिना नाहीसा झाला तर साऱ्या वस्तीला कळते. कपाटातला झाला तर घरातल्यांनाही कळत नाही.

आज हा पुरावा झपाट्याने वितळतो आहे. आखाती देशांत कामाला गेलेल्या पुरुषांच्या पैशाने सोने आले आणि चांदी गरिबीची खूण ठरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने औंसाला ५० डॉलरची पातळी ओलांडली. अशा भावात जुना दागिना ठेवण्यापेक्षा मोडण्याचा मोह अधिक. मोडीत वजन तेवढे धरतात. घडणावळ शून्य, खडे काढून टाकायचे, डाकाची तूट वजा. जे मुशीत जात नाही ते दलालांकडे जाते आणि परदेशी बाजारात ‘ट्रायबल’ किंवा ‘कुची’ अशा मोघम नावाने विकले जाते. बलोच हे नावही वाटेत गळून पडते. पुढे एखादा दागिना संग्रहालयात पोचलाच, तर त्याखालच्या चिठ्ठीवर धातू आणि शतक असते. घालणारीचे नाव नसते.

यावर ‘संस्कृती वाचवा’ म्हणून ओरड करणारे हळहळतात ते नक्षीसाठी. पोराच्या औषधासाठी साखळी विकणाऱ्या बाईला दोष देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? विकण्यासाठीच तर ती साखळी होती. विकण्याचा हक्क हा मालकीचाच भाग आहे. प्रश्न तिने विकले हा नाही. प्रश्न असा, की तिला घडणावळ का मिळाली नाही, आणि विकलेल्याच्या जागी तिच्या नावावर दुसरे काय आले? संग्रहालयांनी आणि संग्राहकांनी कारागिरीचे मोल मूळ मालकिणीला द्यावे, तिचे आणि घडवणाऱ्याचे नाव नोंदवावे, एवढी अपेक्षा तरी गैर म्हणता येणार नाही. आणि जमीन, घर, बँकेतले खाते यांत बाईचे नाव लागावे, ही मागणी तर कुठल्याही दागिन्याच्या जतनापेक्षा मोठी आहे.

हे केवळ तात्त्विक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महरंग बलोच यांच्या नेतृत्वाखाली तुर्बतहून निघालेला मोर्चा इस्लामाबादला पोचला. त्यात बायका पुढे होत्या आणि त्यांच्या हातांत बेपत्ता झालेल्या बापांची, भावांची, नवऱ्यांची छायाचित्रे होती. त्या मोर्चाची राजकीय बाजू पुष्कळांनी मांडली आहे. पण घरातला पुरुष बेपत्ता होतो, म्हणजे तो जिवंत असल्याचा दाखला नसतो आणि मृत्यूचाही नसतो. त्याच्या नावावरचे सगळे अडकून पडते. चूल मात्र रोज पेटवावी लागते. अशा वेळी कोणाची सही न घेता, कोणाला न विचारता मोडता येईल असे त्या बाईजवळ काय आहे? तिच्या आजीजवळ निदान कानातले दुर्र होते.