तात्पर्य कोणाचे?

इसापच्या कथेखाली छापलेली ‘तात्पर्य’ ही ओळ आपण इतक्या निमूटपणे स्वीकारली आहे की ती कोणाच्या वतीने बोलते, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. कावळा आणि कोल्हा यांची कथा घ्या. खुशामतीला भुलू नये, एवढे सांगून आपण पुढच्या पाठाकडे वळतो.

ग्रीक कथेत कावळ्याच्या चोचीत मांस आहे, आणि तेही चोरलेले. (हा तपशील तात्पर्यात कधीच उतरत नाही.) पहिल्या शतकात या कथा लॅटिन पद्यात आणणाऱ्या फीड्रसने मांसाच्या जागी चीज आणले आणि बोध कथेच्या आधीच सांगून टाकला, वाचकाने काय पाहायचे ते अगोदरच ठरले. ला फोंतेनने १६६८ मध्ये केले ते याहून मार्मिक. त्याच्याकडे बोध सांगतो तो कोल्हाच, आणि त्या धड्याचे मोल एका चीजइतके नक्कीच आहे, असेही वर ऐकवतो. ज्याने लुबाडले तोच गुरू! हा संग्रह चौदाव्या लुईच्या सहा वर्षांच्या राजपुत्राला अर्पण केलेला होता, हे ध्यानात घेतले की या गुरूचा दरबारी चेहरा स्पष्ट दिसू लागतो.

‘एमिल’मध्ये (१७६२) रूसोने हीच कविता ओळीओळीने तपासली. मुले कावळ्याला हसतील, पण त्यांना आवडेल तो कोल्हा, ही त्याची तक्रार. ती केवळ मुलांपुरती खरी आहे असे मला वाटत नाही.

लेसिंगने त्याआधीच, १७५९ मध्ये, कथा उलटवली होती. त्याच्या कथेतले मांस विषारी आहे. एका माळ्याने शेजाऱ्याच्या मांजरांसाठी टाकलेले. कोल्हा ते खाऊन मरतो. कावळा मात्र आपल्याला गरुड समजले गेले या आनंदात, मोठ्या उदारपणे मांस टाकून उडून जातो. खुशामतखोराला शासन झाले, पण कावळा काहीच शिकला नाही.

आपल्याकडे पाली ‘जंबुखादक जातका’त मांसाऐवजी जांभळे आहेत. तिथे कावळाही कोल्ह्याची उलट स्तुती करतो आणि फांदी हलवून फळे पाडतो. शेवटी वृक्षदेवता दोघांनाही हाकलते. एकमेकांना प्रस्तावना लिहून देणाऱ्यांना ही कथा ओळखीची वाटावी.

या साऱ्यांना आपण सरसकट ‘रूपांतरे’ म्हणतो. मला तो शब्द अपुरा वाटतो. लेसिंग रूपांतर करत नाही, खटला पुन्हा उभा करतो. तात्पर्याची ओळ झाकून या कथा वर्गात एकापाठोपाठ एक वाचून दाखवाव्यात आणि दोषी कोण, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे. मांस मुळात चोरीचे होते, हे किती जणांना आठवते तेही त्यात कळेल.