विश्लेषण : वसई-विरारमध्ये स्वस्त जुनी कार घेताना काय तपासावे?

वसई, नालासोपाऱ्यातील सखल भागांत पावसाळ्यात पाणी साचते. जुलै २०१८ मध्ये तर नालासोपाऱ्यात रेल्वे रूळही पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यात अडकलेली कार धुऊन-पॉलिश करून विक्रीला येऊ शकते. त्यामुळे किती किलोमीटर धावली, याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : पाणी आणि कागद.

पाण्याच्या खुणा कुठे सापडतात?

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. गाळाचे डाग तिथे राहतात. मॅटिंगखाली ओल, स्टेपनीच्या जागी व सीटच्या बोल्टवर गंज आहे का, हे पाहावे. हवेसारखे पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावून आवाज ऐकावा. जुन्या विमा पॉलिसीत ‘नो क्लेम बोनस’ शून्य असेल, तर कारण विचारावे.

कागदपत्रांचे काय?

‘एमएच ४८’ ही वसईची नोंदणी. गुजरातची गाडी असल्यास तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कर्जाचा बोजा, थकीत ई-चलन आणि १५ वर्षांची नोंदणी मुदत ऑनलाइन तपासता येते.

नावावर करणे का महत्त्वाचे?

नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक व भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे फॉर्म २९ व ३० भरणे विकणाऱ्याच्याही हिताचे. घेणाऱ्याने विमाही नावावर करून घ्यावा. अन्यथा पुढच्या पावसात गाडी बुडाली, तर दावा अडू शकतो.