दुर्बिणीवरचे आकडे वाचा, मग पैसे मोजा

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक जिंकले. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले होते. साहजिकच आपल्या पोरालाही एअर रायफल घ्यावी असे शेतकरी बापाला वाटते. वाटू द्या, चांगलेच आहे. पण रायफलीबरोबर दुर्बीणही गळ्यात मारली जाते आणि उसाच्या बिलातले पैसे तिथे नाहक जातात.

परवा ओळखीच्या एका शेतकऱ्याने अशी दुर्बीण आणून दाखवली. खोक्यावर ‘६-२४ x ५०’. “आकडा मोठा तितका माल भारी, असं दुकानदार म्हणाला,” तो सांगत होता. अंगणात दहा मीटरवर लावलेला कागद मात्र तिच्यातून धुरकट दिसत होता.

दुकानदार खोटे बोलला असे नाही, त्याने अर्धेच सांगितले. पहिले आकडे म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार ते, सहापासून चोवीसपर्यंत. शेवटचा ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता ५० ला २४ ने भागा. जेमतेम दोन मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. तिन्हीसांजेला डोळ्याची बाहुली पाच-सात मिलिमीटर उघडते, मग चित्र काळवंडणारच. साध्या ‘४ x ३२’ मध्ये हाच झोत आठ मिलिमीटरचा असतो. शिवाय पट वाढली की दिसणारा भाग आक्रसतो आणि हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते.

धुरकटपणाचे कारण मात्र वेगळेच. पुष्कळ दुर्बिणी कारखान्यातूनच शंभर यार्डांसाठी जुळवून येतात. दहा मीटरवर चित्र फिसकटते. त्यात डोळा जरा इकडेतिकडे झाला की मधली फुली निशाणावरून सरकते. याला पॅरालॅक्स म्हणतात. नावात ‘एओ’ ही अक्षरे असतील तर पुढची कडी फिरवून अंतर जुळवता येते. पण कडीवरचा सगळ्यात लहान आकडा वाचा. तो दहापेक्षा मोठा असेल तर अंगणातल्या सरावाला तिचा उपयोग नाही.

‘१/४ एमओए’ म्हणजे शंभर मीटरवर एका टिचकीला नेम सुमारे सात मिलिमीटर सरकणार. दहा मीटरवर पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. नेम पाच सेंटिमीटर चुकत असेल तर सत्तरएक टिचक्या मोजत बसा! आणखी एक, स्प्रिंगची एअर रायफल मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी दणका देते. मोठ्या बंदुकीवर टिकणारी दुर्बीणही त्याने खिळखिळी होऊ शकते. एअर रायफलीवरची खाच बहुधा ११ मिलिमीटरची असते, २१ ची पकड तिथे बसत नाही.

हे सगळे जुळले तरी खरी गोम पुढेच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १० मीटर एअर रायफल स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. स्वप्निलच्या ५० मीटरमध्येही नाही. तिथे स्टँडवर दुर्बीण दिसते, ती गोळी कुठे लागली ते बघायला. नेम धरायचा तो पीप साइटने. मागे बारीक छिद्र, पुढे गोल कडी, कडीत काळा गोल बसवायचा. दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर. वर्षभर दुर्बिणीतून सराव केलेले पोर तिथे उघडे पडते.

काहींचा हिशेब पोराचा नसून पिकाचा असतो. साडेचार मिलिमीटरच्या छर्‍याने रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन बिथरते. मोरावर चालवली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा.

त्या शेतकऱ्याची दुर्बीण दुकानदाराने परत घेतली नाही. “मग आता घेऊ काय?” त्याने विचारले. म्हटले, रायफलीबरोबर पीप साइट आली आहे का ते आधी बघा, आणि उरलेल्या पैशांत पोराच्या मापाचे जॅकेट घ्या.