कादंबरीची भीती आणि बंदीची हाव



धर्मांतर केलेल्या माणसाची परीक्षा दोनदा होते. जुनी दैवते घराबाहेर काढताना पहिली. आणि आपल्या नव्या श्रद्धेवर कोणी बोट ठेवले म्हणजे दुसरी. पहिल्या परीक्षेत आपली लाखो कुटुंबे उतरली आहेत. दुसरीविषयी मात्र आम्हास चिंता वाटते. एखाद्या पुस्तकातील वा चित्रपटातील मजकूर खटकला, की तो पुरता वाचण्यापूर्वीच 'बंदी घाला' ही आरोळी आपल्यातूनही उठू लागली आहे. म्हणून आज आम्ही दुसऱ्या एका धर्मातील वादाची हकीकत आपल्यापुढे मांडीत आहोत. दुसऱ्याच्या घरचे भांडण पाहताना माणसाची दृष्टी अधिक स्वच्छ असते.

डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची 'द दा विंची कोड' ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक खून होतो आणि त्याचा माग काढता काढता असे रहस्य बाहेर येते, की येशूने मेरी माग्दालीन हिच्याशी विवाह केला होता, त्यांना अपत्य झाले, त्यांचा वंश अद्याप चालू आहे आणि चर्चने ही गोष्ट शतकानुशतके दडवून ठेवली. पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. २००६ च्या मे महिन्यात रॉन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेला व टॉम हँक्स यांची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट आला आणि वाद जगभर पेटला. इटलीचे एक कार्डिनल बेर्तोने यांनी २००५ मध्येच, हे पुस्तक विकत घेऊ नका व वाचू नका, असे श्रद्धावंतांस बजावले होते.

भारतात काय घडले? माहिती व प्रसारण मंत्र्यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींसमवेत चित्रपट पाहिला. परीक्षण मंडळाने तो केवळ प्रौढांसाठी मंजूर केला आणि ही सर्व कल्पित कथा आहे, अशी सूचना पडद्यावर दाखविण्याची अट घातली. एवढे होऊनही गोवा, नागालँड, पंजाब, तामिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांत त्याच्यावर बंदी आली.

आता प्रथम कादंबरीचाच न्याय करू. आरंभीच्या एका पानावर लेखक 'वस्तुस्थिती' असा मथळा देऊन सांगतो, की 'प्रायरी ऑफ सायन' ही १०९९ साली स्थापन झालेली गुप्त संघटना खरोखर अस्तित्वात आहे. हे असत्य आहे. या नावाची संस्था फ्रान्समध्ये १९५६ साली प्येर प्लांतार नावाच्या गृहस्थाने व त्याच्या साथीदारांनी नोंदविली. आणि तिचे प्राचीनत्व सिद्ध करणारी बनावट कागदपत्रे १९६० नंतरच्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आली. येशूचे देवत्व ३२५ सालच्या निकाया परिषदेत मतमोजणीने, आणि तेही थोड्या फरकाने ठरले, असे कादंबरीतील पंडित सांगतो. प्रत्यक्षात तेथला तंटा पुत्र हा पित्याच्या तोडीचा की पित्याने निर्माण केलेला, याविषयी होता. आणि शेवटपर्यंत एरियसच्या बाजूस राहिलेले बिशप केवळ दोन होते. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांत येशूची दडविलेली चरित्रे सापडली, हेही खरे नाही. त्या गुंडाळ्या यहुदी धर्मग्रंथांच्या आहेत.

तेव्हा ही कादंबरी हातात धरून शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबास टोमणे मारणारा बौद्ध तरुण सत्याची सेवा करीत नाही. पुराणाला इतिहास मानू नये, हे आपण शिकलो. मग कादंबरीला तरी इतिहास का मानावे? जे ग्रंथात आहे, जे परंपरेने आले, जे थोरांनी सांगितले, ते तेवढ्यानेच खरे मानू नका, हा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो खपाच्या पुस्तकांनाही लागू आहे.

यापेक्षाही खोल दोष या कथेत आहे आणि तो आपल्यासारख्यांच्याच लक्षात यावयास हवा. ही कथा बंडखोरीचा आव आणते. परंतु तिच्या गाभ्याशी काय आहे? रक्त! अमुक स्त्री थोर का, तर ती अमुकाच्या वंशात जन्मली म्हणून. ज्या कल्पनेने आपल्या पूर्वजांस गावकुसाबाहेर ठेवले, तीच कल्पना येथे उलट्या बाजूने सोन्याचा मुलामा देऊन उभी आहे. जन्माने कोणी नीच होत नाही, तसा जन्माने कोणी पवित्रही होत नाही. सिद्धार्थ गौतमाला यशोधरा नावाची पत्नी होती, राहुल नावाचा पुत्र होता. ही गोष्ट आपण दडविली नाही आणि तिच्यावर गादीही स्थापिली नाही. राहुल संघात आला तो एक श्रामणेर म्हणून. शाक्य कुमारांपूर्वी उपाली न्हाव्यास प्रव्रज्या मिळाली, ती शाक्यांचा कुलाभिमान उतरावा म्हणूनच. ज्यांच्या धर्मात हे घडले, त्यांना वंशाच्या रहस्याचे कौतुक कशासाठी?

न्याय दोन्ही पारड्यांत हवा. मेरी माग्दालीन हिच्याविषयी कादंबरीने कल्पित रचले, हे खरे. परंतु तिच्यावर पहिला अन्याय कोणी केला? ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला शुभवर्तमानातील एका निनावी पापिणीशी एकरूप केले. शुभवर्तमानात तसे कोठेही म्हटलेले नाही. तरीही पुढे चौदाशे वर्षांच्या आसपास पश्चिमेतील चित्रांत व प्रवचनांत ती पतितेच्या रूपाने वावरली. कॅथलिक पंचांगातील ही गल्लत १९६९ साली दूर झाली. एका स्त्रीच्या नावाला इतका काळ लागलेला डाग कादंबरीकाराने लावलेला नव्हता. शंका विचारण्यास मोकळीक असती, तर तो पुसण्यास इतका काळ लागला असता काय?

आता बंदीकडे वळू. आंध्र प्रदेशाची बंदी २००६ च्या जूनमध्ये तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने तामिळनाडूची बंदी रद्द केली. या विचारामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ सालचा एक निकाल उभा होता. तो कोणत्या चित्रपटाविषयी होता, हे आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. तो तामिळ चित्रपट जातीवर आधारलेल्या राखीव जागांवर टीका करणारा होता! निदर्शनांच्या व दंगलीच्या धमकीपुढे राज्याने मान तुकवून अभिव्यक्तीचा गळा दाबू नये, असे त्या निकालाचे सार आहे. आपल्याला न रुचणाऱ्या चित्रपटाला ज्या तत्त्वाने संरक्षण मिळाले, तेच तत्त्व आपल्याही लेखणीचे संरक्षण करते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय संविधानात नाही.

हे कोरडे तत्त्वज्ञान आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपलाच इतिहास आठवावा. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा चौथा खंड, म्हणजे 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. त्यातील राम व कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टामुळे आमच्या भावना दुखावल्या, हे परिशिष्ट वगळा, अशी ओरड झाली. ग्रंथाची होळीही झाली. १९८८ च्या आरंभी मुंबईच्या रस्त्यांवर आपली जनता लोटली, ती कशासाठी? बाबासाहेबांचा शब्द जसाच्या तसा छापला जावा यासाठी. अखेर शासन या मताशी सहमत नाही, अशी टीप घालून तो मजकूर राहिला. भावना दुखावल्या, एवढ्याच कारणाने पुस्तक दडपता येते, हा नियम त्या दिवशी मान्य झाला असता, तर सर्वांत आधी कोणाचा ग्रंथ कुलपात गेला असता? उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

कोणी म्हणेल, "२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास आपणही ग्रंथ जाळलाच की!" हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. मनुस्मृती ही करमणुकीची कथा नव्हती. जिच्या प्रामाण्यावर माणसाला तळ्याचे पाणी नाकारले जात होते, ती संहिता होती. ज्यांच्या हाती कोणतीही सत्ता नव्हती, त्यांनी उघड्यावर केलेला तो निषेध होता. पुस्तक जप्त करा, छापणाऱ्यास तुरुंगात टाका, अशी मागणी त्यात नव्हती. बाबासाहेबांनी तो ग्रंथ अक्षरशः अभ्यासिला, आणि मनुस्मृती आजही बाजारात मिळते. निषेध करणे हा आपला हक्क आहे. दुसऱ्याने वाचूच नये, असा हुकूम सोडणे हा कोणाचाही हक्क नाही.

एक भेद मात्र कधीही विसरू नका. सिद्धान्तावरील टीका वेगळी आणि माणसांवरील हल्ला वेगळा. वस्तीवर चालून जाण्याची चिथावणी, जातीवरून केलेली विटंबना, यांस कायद्याने शासन झालेच पाहिजे. तेथे आम्ही तसूभरही माघार घेणार नाही. परंतु सिद्धान्ताला पोलिसांचा पहारा लागत नाही. आणि लागत असेल, तर तो सिद्धान्त पुन्हा तपासून पाहावा.

म्हणून, वाचकहो, उद्या तथागतांविषयी वा बाबासाहेबांविषयी कोणी वेडेवाकडे लिहिले, तर प्रथम ते पुस्तक विहारात आणा. मुलाबाळांसह वाचा. त्यात खरे किती, कल्पित किती आणि द्वेष किती, याची निवड करा. मग लेखणी उचला व त्याहून सरस पुस्तक लिहा. जे समाज शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांनी दुसऱ्याच्या हातचे पुस्तक हिसकावून घेऊ नये. ते पाप आपल्या वाट्यास आलेले आहे. त्याची चव आपल्याला ठाऊक आहे.